दारं धरणारं प्रथिन

८ सप्टेंबर १९८९ च्या 'सायन्स' या साप्ताहिकात एकाच जनुकाविषयीचे तीन शोधनिबंध एकापाठोपाठ एक छापून आले. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातले लॅप-ची त्सुई व जॉन रिओर्डन, मिशिगन विद्यापीठातले फ्रान्सिस कॉलिन्स आणि या सगळ्यांचे सहकारी यांनी सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराला कारण होणारं जनुक सातव्या गुणसूत्रावर शोधून काढलं होतं. मानवी जनुकांचा पूर्ण नकाशा तेव्हा हाती नव्हता. गावाचं नाव ठाऊक नसताना घराचा पत्ता काढण्याइतकं ते काम अवघड होतं, आणि म्हणूनच त्याचा गाजावाजा जगभर झाला.

जनुक सापडलं की त्यापासून बनणारं प्रथिन कागदावर वाचता येतं. ही १४८० अमिनो आम्लांची लांबलचक साखळी होती. तिला आता नाव हवं होतं. संशोधकांनी सुचवलेल्या नावाचा मराठीत अर्थ होतो 'सिस्टिक फायब्रोसिसमधला, पेशीपटलाच्या आरपार बसलेला वाहकता-नियामक'. इंग्रजी आद्याक्षरांनी सीएफटीआर. हे नाव पुन्हा एकदा वाचावं. त्यात 'नियामक' आहे. 'मार्ग' म्हटलेलं नाही आणि 'पंप'ही म्हटलेलं नाही. मुरलेल्या वकिलानं मसुद्यात पुढच्या तारखेसाठी जागा सोडावी, तशी ही शब्दयोजना आहे. हे प्रथिन स्वतः नेमकं काय करतं हे नाव ठेवणाऱ्यांना तेव्हा सांगता येत नव्हतं, आणि तो प्रामाणिकपणा त्यांनी नावातच नोंदवून ठेवला.

या लेखाचा विषय म्हणजे नावातली ती सोडलेली जागा. हे प्रथिन विकर आहे का, म्हणजे एन्झाइम म्हणून काम करतं का? करत असेल तर पेशीचं इंधन जाळून ते कोणतं काम उरकतं? प्रश्न वरवर कोरडा आहे. पण जनुक सापडल्यापासून आजाराच्या मुळाशी जाणारं पहिलं औषध येईपर्यंत तेवीस वर्षं गेली, आणि त्या वर्षांतलं बरंच काम याच प्रश्नाभोवती फिरत होतं. जनुकाच्या शोधाची कथा अनेकांनी सांगितली आहे. नंतरच्या या वर्षांची कथा मात्र प्रयोगशाळांबाहेर फारशी आलेली नाही.

०००

सुरुवात घामापासून करावी लागते.

ज्या बाळाच्या कपाळाचा मुका घेतल्यावर ओठांना मीठ लागतं ते बाळ फार दिवसांचं सोबती नसतं, अशी एक समजूत युरोपातल्या लोकपरंपरेत पूर्वापार होती. वैद्यकानं या समजुतीकडे लक्ष दिलं नाही. अशी मुलं वेगवेगळ्या नावांखाली दगावत राहिली. कुणाच्या कागदावर न्यूमोनिया लिहिला जाई, कुणाच्या कागदावर पचनाचा विकार.

न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये डोरोथी अँडरसन विकृतिशास्त्रज्ञ होत्या. त्यांना शल्यचिकित्सक व्हायचं होतं. बाई म्हणून ती वाट मिळाली नाही, तेव्हा त्या शवविच्छेदनाकडे वळल्या. सीलिअॅक या पचनाच्या आजारानं गेलेल्या म्हणून नोंदलेल्या एका मुलाच्या स्वादुपिंडात त्यांना काही वेगळंच दिसलं. त्यांनी जुनी दप्तरं चाळली, इतर रुग्णालयांकडून माहिती मागवली आणि १९३८ मध्ये ४९ मुलांच्या नोंदींवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. स्वादुपिंडात द्रवानं भरलेल्या गाठी आणि त्यांच्याभोवती तंतुमय पेशीजाल, म्हणून 'सिस्टिक फायब्रोसिस'. स्वादुपिंडाच्या नळ्या चिकट स्रावानं तुंबतात, फुफ्फुसांत घट्ट कफ साचतो आणि त्यात जंतू मुक्काम करतात. हे सगळे एकाच आजाराचे भाग आहेत हे त्यांनी ठामपणे मांडलं. पुढे १९४६ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी तो आनुवंशिक असल्याचं दाखवलं. आईवडील दोघंही निरोगी असतात, पण दोघांकडून सदोष जनुकाची एकेक प्रत आली की मूल आजारी पडतं.

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची मोठी लाट आली. उन्हानं कोसळून रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिसची मुलं डोळ्यांत भरण्याइतकी जास्त होती. त्याच रुग्णालयातले पॉल दी सांतान्येसे या धाग्याच्या मागे लागले. १९५३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या मुलांच्या घामात मीठ नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं. मूत्रपिंडं ठीक होती. मीठ घामावाटेच जात होतं. आजीबाईंच्या ओठांना जे कळलं होतं ते आता परीक्षानळीत दिसलं.

१९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी त्वचेवर औषधाचा थेंब आणि विजेचा अगदी सौम्य प्रवाह वापरून थोडा घाम गोळा करण्याची पद्धत दिली. निदानासाठी आजही हीच चाचणी प्रमाण मानतात.

पण घाम खारट का, याचं उत्तर मिळायला आणखी चोवीस वर्षं लागली. ते कॅलिफोर्नियातल्या पॉल क्विंटन यांनी दिलं. क्विंटन यांना स्वतःला हाच आजार होता. घामग्रंथीच्या तळाशी घाम तयार होतो तेव्हा तो प्रत्येकाचाच खारट असतो. त्वचेकडे येणाऱ्या बारीक नळीतून जाताना नळीच्या पेशी त्यातलं मीठ परत शोषून घेतात. १९८३ मध्ये क्विंटन यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत या नळीचं अस्तर क्लोराइडला आत येऊच देत नाही. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. एक अडला की दुसराही मागे राहतो. म्हणजे दोष क्लोराइडच्या वाटेत होता. ती वाट कशाची बनलेली आहे, एवढंच शोधायचं उरलं.

०००

म्हणूनच १९८९ मध्ये जनुक वाचलं गेलं तेव्हा सगळ्यांना तिथे क्लोराइडचा मार्ग सापडण्याची अपेक्षा होती. शोधाच्या शेवटच्या टप्प्यात रिओर्डन यांनी वापरलेली जनुकीय सामग्रीही घामग्रंथीच्या पेशींपासूनच तयार केलेली होती. पण साखळी उलगडली आणि अपेक्षेबाहेरचं काही पुढे आलं.

रिओर्डन यांनी आधी व्हिक्टर लिंग यांच्याबरोबर एका वेगळ्याच प्रथिनावर काम केलं होतं. त्याचं नाव पी-ग्लायकोप्रोटीन. कर्करोगाच्या पेशी औषधाला दाद देईनाशा होतात, त्यामागे अनेकदा हे प्रथिन असतं. ते औषध पेशीतून उचलून बाहेर फेकतं. हा पंप आहे, आणि तो एटीपी या पेशीच्या इंधनावर चालतो. सीएफटीआरची साखळी याच पंपाच्या जातकुळीतली निघाली. पेशीपटलात रुतलेले तसेच दोन भाग होते आणि आतल्या बाजूला एटीपी धरणारे तसेच दोन भाग.

पेच समजायला शेतावर जावं लागेल. विहिरीवरची मोट आणि शेतातला पाट ही दोन वेगळी कामं आहेत. मोट पाणी खालून वर आणते. बैल जुंपल्याशिवाय ती हलत नाही. पाटाला बैल लागत नाहीत. उतार असला की पाणी आपलं आपण धावतं. पेशीतही असंच असतं. पंप हा मोटेसारखा, त्याला एटीपी जाळावं लागतं. आयनमार्ग हा पाटासारखा; क्लोराइड जिथे ज्या दिशेला उतार मिळेल तिकडे वाहतं, दार उघडं असलं की झालं. घाम सांगत होता की हा पाट आहे. साखळी सांगत होती की ही मोट आहे. कदाचित हे प्रथिन स्वतः पाट नसेल आणि शेजारच्या एखाद्या पाटावर मुकादमी करत असेल, अशीही शंका होती. 'नियामक' हा शब्द तिथून आला.

निवाडा १९९१ मध्ये झाला. आयोवा विद्यापीठात मायकेल वेल्श यांच्या गटानं प्रथिनाच्या पटलातल्या भागात एकेका अमिनो आम्लाचा बदल केला, आणि कोणत्या आयनाला किती सहज वाट मिळते याचा क्रमच बदलून गेला. आयनांची निवड ज्याच्या अंगच्या बदलानं बदलते, तोच मार्ग असला पाहिजे. पुढच्याच वर्षी टोरांटोत क्रिस्टीन बेअर यांच्या गटानं सीएफटीआर शुद्ध स्वरूपात काढून कृत्रिम पटलात बसवलं. शेजारी दुसरं कोणतंच प्रथिन नसताना त्यातून क्लोराइड वाहिलं. पाटच होता.

पण वेल्श यांच्याच गटानं १९९१ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली होती. एटीपी नसेल तर हा पाट उघडत नाही. पेच सुटायच्या ऐवजी वाढला. उतारावरून वाहणाऱ्या पाण्याला बैल कशाला?

०००

एटीपीला पेशीचं चलन म्हणतात. या रेणूला तीन फॉस्फेटांची शेपटी असते. शेवटचं फॉस्फेट तुटलं की ऊर्जा मोकळी होते आणि एडीपी उरतं. ही तोडणी करणाऱ्या विकरांना एटीपीएज म्हणतात. सीएफटीआर एटीपीएज आहे का, हे नुसत्या साखळीवरून ठरत नव्हतं. एटीपी धरून ठेवणं वेगळं आणि ते तोडणं वेगळं. १९९६ मध्ये बेअर यांच्या गटानं शुद्ध सीएफटीआरवर थेट मोजणी केली. ते एटीपी तोडत होतं, पण अगदी सावकाश. एकेका रेणूला ढोबळमानानं सेकंदाला एकापेक्षा जास्त एटीपी तोडणं जमत नाही. दार उघडं असताना मात्र त्याच सेकंदात लाखो क्लोराइड आयन निघून जातात. ही तफावतच सांगते की प्रत्येक आयनामागे खर्च होत नाही. खर्च होतो तो दारावर.

त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण होतं. काही रुग्णांत ५५१ व्या जागी ग्लायसीनऐवजी अॅस्पार्टिक आम्ल येतं. या बदलाचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर व्यवस्थित पोचतं, पण काम करत नाही. बेअर यांना दिसलं की त्याची एटीपी तोडण्याची क्षमता घटलेली आहे आणि दार उघडण्याचं प्रमाणही. विकराचा प्रश्न आणि रुग्णाचा प्रश्न एकाच अमिनो आम्लावर येऊन भेटले.

पण खर्च उघडण्याचा की मिटण्याचा? इथे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले डेव्हिड गॅड्सबी या कथेत येतात. त्यांचा विषय हृदय. गिनीपिगच्या हृदयपेशींत क्लोराइडचा एक प्रवाह त्यांच्या गटाला १९८९ मध्ये सापडला होता. पुढे तो सीएफटीआरसारख्याच मार्गातून येत असल्याचं दिसलं, आणि हा माणूस आयुष्यभर याच दारापाशी थांबला. पटलाचा सूक्ष्म तुकडा काचेच्या नळीच्या टोकाशी धरून एकेका मार्गातून जाणारी वीज मोजता येते. कागदावर रेघ एक पायरी चढते, थोडा वेळ तिथे राहते आणि उतरते. उघडलं, मिटलं. गॅड्सबींच्या गटानं यात व्हॅनेडेट मिसळलं. एटीपी तुटल्यावर फॉस्फेट निघून जातं, त्या रिकाम्या जागेत व्हॅनेडेट जाऊन बसतं आणि यंत्र अडकवतं. १९९४ मध्ये त्यांनी दाखवलं की व्हॅनेडेट असताना उघडलेली दारं लवकर मिटतच नाहीत. एटीपी तोडणाऱ्या जागी बदल केलेल्या प्रथिनांतही तेच दिसलं. एरवी सेकंदाच्या आत मिटणारं दार मिनिटांपर्यंत उघडं राहिलं.

२००५ मध्ये पाओला वेर्गानी, गॅड्सबी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये चित्र पूर्ण केलं. आतल्या बाजूचे दोन भाग दोन एटीपी रेणू मधे धरून एकमेकांना घट्ट चिकटतात, तेव्हा वरचं दार उघडतं. म्हणजे उघडायला एटीपी धरणं पुरतं. नंतर एका जागेवरचं एटीपी तुटतं, पकड सुटते आणि दार मिटतं. दुसरी जागा एटीपी तोडण्याच्या कामी आलेली नाही. तिथला रेणू बराच वेळ तसाच बसून राहतो.

पुन्हा शेतात जाऊ. रात्रपाळीचं पाणी आलं की शेतकरी फावडं घेऊन दारं धरायला जातो. वाफ्याचं दार फोडायला फार कष्ट नाहीत. पाण्याचा जोरच निम्मं काम करतो. वाफा भरला की वाहत्या पाण्यात माती ओढून दार वेळेवर बुजवणं, यात खरी मेहनत. सीएफटीआर हेच करतं. एटीपी तोडण्याचा खर्च पाणी वाहण्यासाठी नाही. तो दार मिटण्यासाठी आहे, आणि मिटल्यावर चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावं यासाठी.

०००

मिटण्याला एवढं मोल का द्यावं, हे आपल्या भागातल्या एका जुन्या शत्रूकडून कळतं. पटकी, म्हणजे कॉलरा. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या वारीत पटकीच्या साथी वारंवार उद्भवत, आणि धडधाकट माणूस एका दिवसात सुकून जाई. १९५९ मध्ये कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावरच्या प्रयोगातून दाखवलं की हे काम पटकीच्या जंतूनं सोडलेलं विष करतं. त्या विषाचा शेवटचा आघात कुठे होतो, हे पुढे उलगडलं. तो होतो आतड्याच्या पेशींमधल्या सीएफटीआरवर.

सीएफटीआरला एटीपी मिळण्याआधी एक परवानगी लागते. प्रथिनाच्या एका मोकळ्या भागावर दुसऱ्या एका विकरानं फॉस्फेट चिकटवावे लागतात, तेव्हाच दार उघडण्यायोग्य होतं. पटकीचं विष दाराला हात लावत नाही; ते ही परवानगी कायमची देऊन ठेवतं. मग क्लोराइड आतड्यात ओतत राहतं, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी, दिवसाला कित्येक लिटर. एकाच प्रथिनाच्या दोन टोकांना दोन आजार आहेत. एकात दार उघडत नाही आणि कफ सुकून घट्ट होतो. दुसऱ्यात परवानगी मागे घेतली जात नाही आणि माणूस वाहून जातो.

०००

विज्ञानाची कथा सांगताना जिंकलेली बाजूच सांगण्याचा मोह होतो, म्हणून एका वेगळ्या मताची नोंद इथे करायला हवी.

१९९७ मध्ये क्रिस्टोफ रांडाक आणि सहकाऱ्यांनी सीएफटीआरचा एटीपी धरणारा दुसरा भाग सुटा बनवून तपासला. तो एटीपी तर तोडत होताच, पण आणखी एक काम करत होता. अॅडेनिलेट कायनेज नावाची विकरं एका रेणूवरचं फॉस्फेट दुसऱ्याला देतात. एक एटीपी आणि एक एएमपी यांच्यातून दोन एडीपी होतात, किंवा उलटही. तोडणीत फॉस्फेट सुटून जातं. इथे ते एका खिशातून दुसऱ्या खिशात जातं. नोट खर्च होत नाही, फक्त सुटे होतात. २००३ मध्ये रांडाक यांनी वेल्श यांच्याबरोबर 'सेल'मध्ये दावा केला की हे कायनेजचं काम संपूर्ण सीएफटीआरमध्येही होतं आणि त्यावर दाराची उघडझाप चालू शकते. पेशीत एएमपी असतंच, त्यामुळे हा दावा झटकून टाकण्यासारखा नव्हता.

खरा असता तर हिशेबच बदलला असता. २००८ मध्ये बेअर यांच्या गटानं शुद्ध, संपूर्ण प्रथिनावर तपासणी करून कळवलं की ते एटीपीएजचं काम करतं, कायनेजचं नाही. २०१२ मध्ये रांडाक यांनी फॉस्फेट एका रेणूवरून दुसऱ्यावर जात असल्याचा नवा पुरावा मांडला. या क्षेत्रातल्या बहुतेकांनी एटीपी तोडण्याचं चक्र हेच दाराचं मुख्य यंत्र मानलं आहे. कायनेजचा दावा सर्वमान्य झाला नाही, आणि तो मांडणाऱ्यांनी मागेही घेतला नाही.

हा वाद वाचताना एक गोष्ट जाणवते. एका गटानं प्रथिनाचा तुकडा तपासला, दुसऱ्यानं पटलातून सोडवून शुद्ध केलेलं प्रथिन, तिसऱ्यानं विजेची रेघ मोजली. प्रत्येकाच्या हाती सीएफटीआरच होतं, पण वेगळ्या अवस्थेतलं. विकर काय करू शकतं आणि जिवंत पेशीत ते काय करतं, हे दोन प्रश्न आहेत, आणि पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळाल्यासारखं वाटतं.

०००

आता औषधाकडे. हे सगळं समजलं म्हणून औषध सापडलं, असं लिहिता आलं असतं तर लेख सुबक झाला असता. घडलं तसं नाही.

अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन या रुग्णांच्या संस्थेनं सॅन दिएगोच्या ऑरोरा बायोसायन्सेस या कंपनीला पैसे पुरवले; पुढे ती कंपनी व्हर्टेक्सनं विकत घेतली. सदोष सीएफटीआर असलेल्या पेशींवर एकामागून एक रसायनं टाकायची आणि क्लोराइड वाहतं का पाहायचं, असं ते काम. दोन लाखांहून जास्त रसायनं चाळल्यावर एक धागा मिळाला, आणि त्यातूनच आयव्हाकॅफ्टर हे औषध घडलं. ३१ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, ती ५५१ व्या जागी बदल असलेल्या रुग्णांसाठी. जगभरच्या रुग्णांपैकी असे सुमारे चार टक्के. चाचण्यांत त्यांची फुफ्फुसं सुधारली, वजन वाढलं आणि घामातलं क्लोराइड जवळपास निम्म्यावर आलं. औषध लागू पडतंय हे घामानंच सांगितलं.

ते कसं लागू पडतं हे मात्र औषध बनवणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. उत्तर दारापाशी बसलेल्या लोकांनी दिलं. २०१२ मध्ये बेअर यांच्या गटानं दाखवलं की हे औषध असताना सदोष दार एटीपीशिवायही उघडतं. परवानगी तेवढी लागते. पुढच्या वर्षी त्झ्यी-चांग ह्वांग यांच्या गटानं मांडलं की औषध दाराची उघडझाप आणि एटीपीची तोडणी यांच्यातली जखडण सैल करतं. ह्वांग पूर्वी गॅड्सबींच्याच प्रयोगशाळेत होते. २०१७ मध्ये रॉकफेलरच्याच जुए चेन यांच्या गटानं गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनानं मानवी सीएफटीआरचा आकार उभा केला, आणि २०१९ मध्ये औषध नेमकं कुठे बसतं ते दाखवलं. एटीपीच्या जागेपासून दूर, पटलात बुडालेल्या भागात. ज्यांच्यात बैल थकले होते त्यांचं दार बैलांवाचून उघडण्याची सोय या रेणूनं केली होती.

बहुसंख्य रुग्णांत दोष वेगळा आहे. ५०८ व्या जागचं फिनाइलअॅलानिन गळाल्यानं प्रथिनाची घडी बिघडते आणि ते पृष्ठभागावर पोचायच्या आधीच पेशी ते मोडीत काढते. त्यांच्यासाठी प्रथिनाला आधी घडीवर आणणारी दोन औषधं आणि जोडीला आयव्हाकॅफ्टर, असा तिहेरी उपाय ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाला. त्याच वर्षी गॅड्सबी गेले. डोरोथी अँडरसन १९६३ मध्येच गेल्या होत्या. त्यांच्या काळात यातली फारच थोडी मुलं शाळेपर्यंत पोचत.

अमेरिकेत या तिहेरी औषधाची जाहीर किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या पुढे होती. औषध विकत घेता येणं हा प्रश्न त्यामुळे अनेक देशांत आजाराइतकाच मोठा झाला. भारतात तर हा गोऱ्यांचा आजार म्हणून निदानच दीर्घकाळ मागे राहिलं. आपल्या रुग्णांत ५०८ व्या जागचा दोष युरोपातल्यापेक्षा कमी प्रमाणात आढळतो, त्यामुळे त्या एका दोषावर बेतलेली तपासणी इथे अपुरी पडते. न वाढणारं, सतत खोकणारं मूल क्षयाचं किंवा कुपोषणाचं म्हणून पाहिलं जाण्याचा धोका आपल्याकडे मोठा आहे, आणि घाम तपासण्याची सोय मोजक्या ठिकाणीच आहे.

आणखी एक गट आहे. काही रुग्णांच्या जनुकात मधेच पूर्णविराम पडतो आणि प्रथिन तयारच होत नाही. सगळ्या रुग्णांत अशांचं आणि या औषधांना दाद न देणाऱ्या इतरांचं प्रमाण ढोबळमानानं दहापैकी एक धरतात. जिथे दारच नाही तिथे ते उघडण्याचं औषध काय करणार! त्यांच्यासाठी संपूर्ण जनुक किंवा त्याचा संदेश पेशीत पोचवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ती मुलं आजही १९५० च्या दशकातल्याच मार्गानं, छाती थोपटून कफ सुटा करत आणि जंतुनाशकं घेत दिवस काढतात. उपचार सुधारले आहेत, पण मुळाशी हात पोचलेला नाही.

१९८९ मध्ये सोडलेली जागा आता बरीचशी भरली आहे. सीएफटीआर पंपांच्या घराण्यात जन्मलेला पाट आहे, आणि घराण्याची एटीपी जाळण्याची सवय त्यानं दार मिटण्याच्या कामी लावली आहे. 'नियामक' हा शब्द तेव्हा साशंकपणे वापरला होता. हे प्रथिन दुसऱ्या कुणाच्या पाटावर मुकादमी करतं की नाही यावर अजून लिहिलं जातं, पण स्वतःच्या दारावरची पाळी ते स्वतःच राखतं एवढं नक्की झालं आहे. नाव बदलावं असं कुणाला वाटलं नाही.